भित्र्या कुत्र्याची नखं काढताना

शेळ्यांच्या, गुरांच्या आजारांवर आपण इथं पुष्कळ बोललो. दारातल्या कुत्र्याचा विषय मात्र कधी निघत नाही. रात्रभर वस्ती राखतं, भाकरीच्या तुकड्यावर राहतं, पण त्याच्या पायाकडं कुणी वाकून बघत नाही. आज आम्ही गटातल्या बायका त्याच्या नखांबद्दल बोलणार आहोत. हसू नका, यातूनच कुत्रं चावतं आणि मग लेकराला घेऊन दवाखान्यात पळावं लागतं.

गावात मोकळं फिरणाऱ्या कुत्र्याची नखं खडीवर, मुरमावर आपोआप झिजतात. त्याला हात लावायची बहुतेक वेळा गरज नसते. प्रश्न येतो साखळीला बांधलेल्या, म्हाताऱ्या, नाहीतर घरातच राहणाऱ्या कुत्र्याचा. शहाबादी फरशीवरून ते चालताना टिकटिक आवाज येत असेल तर नखं वाढली असं समजा. वाढलेलं नख जमिनीला टेकतं, बोट वर ढकललं जातं, आणि कुत्रं पाय जपून टाकायला लागतं. आपण म्हणतो, म्हातारं झालं बिचारं. काही वेळा नुसती नखं वाढलेली असतात.

एक नख मात्र मोकळ्या कुत्र्याचंही बघायला हवं. पुढच्या पायाच्या आतल्या बाजूला, जरा वर, आपल्या अंगठ्यासारखं सुटं नख असतं. ते जमिनीला लागत नाही, म्हणून झिजतही नाही. वाढत वाढत गोल वळतं आणि कधी कधी मांसात घुसतं. केसाळ कुत्र्याचं तर दिसतसुद्धा नाही. आजच आपापल्या कुत्र्याचं तेवढं नख बघा. मांसात शिरलेलं असेल तर घरी ओढू नका, ते पशुवैद्यकाचं काम.

आता कापायचं कसं? आपल्याकडं सवय अशी, की बैलाला पत्री मारताना दोरानं पाडतात तसं कुत्र्यालाही दोघातिघांनी पाडायचं, एकानं मानेवर गुडघा ठेवायचा आणि उरकायचं. भित्र्या कुत्र्याला असं एकदा केलं, की पुढच्या वेळी कात्री दिसली तरी ते दात दाखवतं. आणि ते धरणाऱ्या गड्याला चावेल असं नाही, दुसऱ्या दिवशी पायाशी खेळणाऱ्या पोराला चावेल. म्हणून आमचं म्हणणं, आधी पाय मागायचा, नख नंतर.

संध्याकाळी, ऊन उतरल्यावर, कुत्रं फिरून दमलेलं असताना त्याच्या बाजूला बसा. समोरून अंगावर वाकू नका. खांद्यावरून हात फिरवत पायापर्यंत आणा आणि लगेच भाकरीचा तुकडा नाहीतर उकडलेल्या अंड्याचा घास द्या. द्राक्षं, मनुका, कांदा देऊ नका, ते कुत्र्याला विषारी असतं. पाय ओढून घेतला तर सोडून द्या, धरून ठेवू नका. चार-सहा दिवसांत ते पंजा हातात ठेवू देईल. मग बोट हलकं दाबा, नख पुढं येतं. पुन्हा घास. मग नखाला कात्री नुसती लावायची, कापायचं नाही. पुन्हा घास. कात्रीचा कट् आवाज काहींना फार झोंबतो, तर दूर बसून वाळकी काडी कापून दाखवा. कुणाला हे आठ दिवसांत जमेल, कुणाला महिना लागेल. लागू द्या.

पिल्लाच्या बारीक नखाला आपलं नेलकटर चालतं. मोठ्या कुत्र्याचं नख जाड आणि गोल असतं, आपल्या नेलकटरनं ते चेपतं, फाटतं आणि दुखतं. त्यासाठी पकडीसारखी वेगळी कात्री मिळते. ती गटानं मिळून एक घ्या, आणि दुसऱ्या घरी देताना साबणानं धुऊन, पुसून द्या. ब्लेड, विळी, अडकित्ता यांतलं काहीही नको.

नखाच्या आत जिवंत मांस असतं, त्यात रक्त असतं. पांढऱ्या नखात ते गुलाबी दिसतं, त्याच्या बरंच अलीकडं थांबायचं. काळ्या नखात काही दिसत नाही. तिथं तांदळाच्या दाण्याच्या जाडीहूनही कमी, असं थोडं थोडं कापायचं आणि दर वेळी कापलेली बाजू बघायची. मधोमध ओलसर, गडद ठिपका दिसला की हात थांबवा. रक्त आलंच तर ओरडू नका, तुमच्या आवाजानं ते जास्त बिथरतं. तुरटीची पूड किंवा कोरडं पीठ लावून स्वच्छ फडक्यानं पाच मिनिटं दाबून धरा. दहा मिनिटांत थांबलं नाही तर दवाखाना.

कात्रीला कायमच घाबरणाऱ्या कुत्र्यासाठी एक सोपी युक्ती आहे. फळीवर सुताराचा पॉलिश पेपर चिकटवा, ती तिरपी धरा आणि पंजानं खरवडलं की घास द्या. मातीत उकरायची सवय असतेच, ती कामाला येते. पुढची नखं अशी आपली आपण झिजतात. सुटं नख तेवढं उरतं.

कुत्रं ओठ चाटायला लागलं, उगाच जांभया द्यायला लागलं, कान मागं गेले, डोळ्याचा पांढरा भाग दिसू लागला, तर ते घाबरलंय. गुरगुरलं तर त्याला मारू नका, त्यानं सांगितलं हे बरं झालं. गुरगुरण्यावर मार खाल्लेलं कुत्रं पुढच्या वेळी न गुरगुरता चावतं. एकदम ताठ, गप्प झालं तर त्याहून सावध व्हा, त्या दिवशीचं काम बंद. आपल्या मनानं झोपेची गोळी देऊ नका. गरज असेल तर पशुवैद्यक औषध देऊन नखं काढतात. लहान पोरांना या कामाच्या आसपास थांबू देऊ नका.

आणि दात लागलाच, नुसता ओरखडा असला तरी, वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं जखम धुवा. हळद, चुना, तिखट काही भरू नका. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जा आणि सांगतील तितक्या सगळ्या सुया पूर्ण करा. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. घरच्या कुत्र्याला दरवर्षी लस टोचलेली असली तरीही दवाखाना चुकवायचा नाही.

साधारणपणे कुत्र्याला अठरा नखं असतात, पुढं पाच-पाच, मागं चार-चार. एका बैठकीत एकच कापलं तरी चालतं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करत चला, आज उजवा पाय पहिलं, उद्या दुसरं. अठरावं होईपर्यंत पहिलं पुन्हा वाढायला लागलेलं असेल, तेव्हा दोन-चार दिवस थांबून परत पहिल्यापासून सुरू करा.