मूळ गावाचा रकाना

कोणताही सरकारी अर्ज हाती घ्यावा. नाव, वडिलांचे नाव, जन्मस्थळ, मूळ गाव, मातृभाषा, राष्ट्रीयत्व असे रकाने त्यात ओळीने मांडलेले असतात आणि उजव्या कोपऱ्यात छायाचित्र चिकटविण्यासाठी एक चौकोन राखून ठेवलेला असतो. बहुतेक माणसे हे रकाने झरझर भरून मोकळी होतात. परंतु काहींची लेखणी ‘मूळ गाव’ या दोन शब्दांपाशी अडते. जन्म एका ठिकाणी, भाषा दुसऱ्या ठिकाणची, आणि राहते घर तिसऱ्याच देशात! अशा माणसाने त्या रकान्यात काय लिहावे?

नृत्यकार रामगोपाल यांचे उदाहरण घ्या. त्यांचा जन्म १९१२ साली बंगळूरचा. वडील रजपूत, आई ब्रह्मी. कथकळी ते केरळच्या कुंजू कुरूप यांच्यापाशी शिकले, तर भरतनाट्य तंजावर परंपरेतील मीनाक्षिसुंदरम् पिळ्ळै यांच्यापाशी. १९३९ मध्ये लंडनच्या ऑल्डविच नाट्यगृहात त्यांचे नृत्य झाले आणि पाश्चात्त्य रसिकांनी त्यांना डोक्यावर घेतले. पुढे आयुष्याचा मोठा काळ त्यांनी परदेशात घालविला व २००३ साली इंग्लंडमध्येच देह ठेवला. लंडनच्या प्रेक्षकांना ते मूर्तिमंत हिंदुस्थान वाटत. मायदेशात मात्र उदय शंकरांचे नाव जसे घरोघर पोहोचले, तसे रामगोपालांचे पोहोचले नाही. परदेशात जो देशाचा प्रतिनिधी, तोच स्वदेशात जवळजवळ विस्मृत, असा हा विलक्षण प्रकार आहे.

त्यांच्या नृत्यावर १९४८ च्या सुमारास इंग्लंडमध्ये एक लघुपट निघाला. त्याच्या दिग्दर्शिकेचे नाव सारा एरुळकर. हे आडनाव ऐकताच मराठी श्रोत्यास कोकणातील बेने इस्रायल समाजाची आठवण व्हावी. बंगळूरचा नर्तक, कोकणी आडनावाची दिग्दर्शिका आणि निर्मिती मात्र विलायतेतली! देशांतराच्या कथा अशाच एकमेकींत गुंतलेल्या असतात.

या विस्मृतीचा शोध पुढे बंगळूरच्याच एका कलावतीने घेतला. आयेशा अब्राहम या तेथील चित्रकर्त्या. घरोघरच्या कपाटांत आणि माळ्यांवर धूळ खात पडलेल्या हौशी चित्रफिती त्या गोळा करतात आणि त्यांतून नवी कृती रचतात. ‘स्ट्रेट एट’ ही त्यांची २००५ ची कृती एका अँग्लो-इंडियन हौशी चित्रणकाराच्या संग्रहावर आधारलेली आहे. ‘आय सॉ अ गॉड डान्स’ या नंतरच्या कृतीचा विषय रामगोपाल हाच आहे. ओरखडे पडलेल्या, रंग विटलेल्या जुन्या फितींतून तो नर्तक क्षणभर प्रकट होतो आणि पुन्हा विरतो. येथे जीवनचरित्राची सलग साखळी नाही. जे हाती लागले तेवढेच दाखवावे आणि जे हरपले त्याची पोकळी पोकळीच राहू द्यावी, असा या पद्धतीचा प्रामाणिकपणा आहे.

चित्रफितीची ही कला बोलपटाहून निराळी आहे. बोलपटाला भांडवल हवे, चित्रशाळा हवी, वितरक हवा. १९६० नंतरच्या दशकात खांद्यावर वाहून नेता येईल असे चित्रणयंत्र निघाले आणि एकट्या माणसाला आपल्या खोलीत बसून चलच्चित्र करणे शक्य झाले. ज्याच्यापाशी देश नाही, संस्था नाही, ज्याची भाषा भोवतालच्यांना कळत नाही, अशा माणसाला हे साधन सोयीचे वाटावे, यात नवल काय? म्हणूनच अरब कलावंतांनी ते मोठ्या आस्थेने हाती घेतले.

मोना हातूम यांचे घराणे पॅलेस्टिनी. जन्म १९५२ साली बैरूतचा. १९७५ मध्ये त्या लंडनला गेल्या असताना लेबनॉनमध्ये यादवी पेटली आणि परतीची वाट बंद झाली. १९८८ साली त्यांनी ‘मेझर्स ऑफ डिस्टन्स’ ही सुमारे पंधरा मिनिटांची चित्रफीत केली. तीत आईची छायाचित्रे दिसतात आणि त्यांवर आईच्या पत्रांतील अरबी अक्षरे जाळीसारखी पसरलेली असतात. ती पत्रे कन्या इंग्रजीत वाचते. पाठीमागे मायलेकींचे अरबी बोलणे ऐकू येते. आई समोर आहे, पण अक्षरांच्या पडद्याआड. जे पत्र दोघींना जोडते, तेच दोघींमधील अंतरही मोजते. परदेशी गेलेल्या मुलीचे पत्र ज्या घरांत उराशी धरून वाचले गेले, त्या घरांना याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही.

देशांतराचा हा एक पैलू झाला. दुसरा पैलू प्रतिमेचा. आपले चित्र दुसऱ्यानेच काढून ठेवले असेल, तर आपण कसे दिसतो हे आपले आपण कसे सांगावे? एलिया सुलेमान आणि जेस सलूम यांनी १९९० मध्ये अमेरिकी चित्रपट, व्यंगपट आणि वार्तापट यांतील अरबांची चित्रे कापून एकापुढे एक जोडली. तोच तो उंट, तोच तो क्रूर शेख, तोच तो बंदूकधारी! त्यांच्यामध्ये प्रत्यक्ष पॅलेस्टिनी भूमीवरील दृश्ये येतात, आणि त्या साच्यांचा फोलपणा आपोआप उघडा पडतो.

हा प्रश्न आपल्याला परका नाही. १८६८ ते १८७५ या काळात ‘द पीपल ऑफ इंडिया’ हा आठ खंडांचा छायाचित्रग्रंथ इंग्रजी अमदानीत सिद्ध झाला. त्यात माणसे नाहीत, नमुने आहेत. बंगळूरच्या पुष्पमाला एन. यांनी नेमक्या याच दृष्टीची फिरकी घेतली. २००० ते २००४ या काळात क्लेअर आर्नी यांच्या सहकार्याने त्यांनी दक्षिण भारतातील स्त्रियांच्या रूढ प्रतिमांची छायाचित्रमाला रचली. मानववंशशास्त्राचा नमुना त्याच, रविवर्म्याची नायिकाही त्याच. ज्या रविवर्म्याच्या तसबिरी मळवलीच्या छापखान्यातून निघून मराठी देवघरांत पोहोचल्या, त्या पाहत वाढलेल्या प्रेक्षकाला हा विनोद लागट वाटल्यावाचून राहत नाही. २००४ च्या ‘राष्ट्रीय खीर अँड देशीय सॅलड’ या चित्रफितीत तर आई आणि सासू यांच्या पाककृतींच्या वह्यांतून नव्या राष्ट्राच्या आदर्श कुटुंबाचे चित्र त्यांनी उभे केले. स्वयंपाकघरातली वही हीसुद्धा राष्ट्राची एक दप्तरनोंदच असते, हे त्यातून ध्यानी येते.

मुंबईच्या नलिनी मलानी यांचा जन्म १९४६ चा, कराचीचा. फाळणीने त्यांचे कुटुंब इकडे आणले. सादत हसन मंटो यांच्या कथेवरून स्फुरलेल्या १९९८ च्या रचनेत त्यांनी दूरचित्रवाणी संच पत्र्याच्या ट्रंकांत मांडले. निर्वासिताचे सारे घर एका ट्रंकेत मावते, ही गोष्ट शब्दाविना सांगितली गेली.

अशा कृती दुर्बोध असतात, मूठभर लोकच त्या पाहतात, हा आक्षेप खोटा नाही. यातील काही प्रयोग नुसत्या चमत्कृतीतच संपतात, हेही मान्य करावे. परंतु आक्षेपकांनी एक गोष्ट विसरू नये. विस्थापितांविषयीचे सरकारी कागद त्यांची संख्या सांगतात, वार्तापट त्यांचे हाल दाखवितात. त्यांचे मन मात्र दोहोंतून निसटते. ते मन टिपण्यासाठी अर्धवट वाक्ये आणि तुटक चित्रे वापरावी लागली, तर तो दोष सर्वस्वी कलावंताचा नव्हे.

बेळगाव, बडोदे, इंदूर, तंजावर, नैरोबी, लंडन, जेथे जेथे मराठी माणसे जाऊन राहिली, तेथे तेथे एखाद्या घरी जुन्या फितींचा डबा असण्याचा संभव आहे. लग्नाची वरात, गणपतीची मिरवणूक, बोटीवर निरोप घेणारी आजी, असे काहीबाही त्यात असेल. जुनी फीत दमट उष्ण हवेत आक्रसते. तिला व्हिनेगारसारखा आंबूस वास येऊ लागतो आणि हळूहळू चित्र नाहीसे होते. पुण्यात १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले, ते मुख्यतः चित्रपटांसाठी. घरगुती फितींची काळजी घरच्यांनीच घ्यावयाची आहे. डबा कोरड्या, थंड जागी ठेवावा, जाणकाराकडून फितींची नक्कल करून घ्यावी, आणि मुख्य म्हणजे चित्रातली माणसे कोण, गाव कोणते, साल कोणते, हे सांगणारी वडीलधारी मंडळी आहेत तोवर त्यांच्याकडून लिहून घ्यावे. त्यांच्यामागे ही माहिती कोणत्याही दप्तरात सापडणार नाही.