पैलवान आणि त्याचा कारभार

मंडळी, कुस्ती आपल्याला नवी नाही. जत्रेत फड भरला की आम्हीही कडेला जागा धरून बसतो. पण पैलवानाचा कारभार कोण पाहतो, हे आपण कधी विचारतो का?

कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीला गेले. वाटखर्चाला पैसे नव्हते. गावाने वर्गणी काढली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून ७,००० रुपये दिले. खाशाबांनी कांस्यपदक आणले.

१९८४ पासून दिल्लीत भारतीय खेल प्राधिकरण आहे. शिबिरे, प्रशिक्षक ते पुरवते. मग अडते कुठे? संघ निवडतो तो कुस्ती महासंघ, आणि तो वेगळा. २०२३ साली महिला मल्ल छळाची दाद मागत जंतरमंतरवर बसल्या. महासंघाची निवडणूकही वेळेवर झाली नाही, म्हणून ऑगस्टात जागतिक संघटनेने त्याला निलंबित केले. सप्टेंबरात बेलग्रेडला अंतिम पंघालने कांस्यपदक जिंकले, पण तिच्या नावापुढे तिरंगा नव्हता! चूक कोणाची, आणि भोगले कोणी? फेब्रुवारी २०२४ मध्ये ते निलंबन उठले.

आम्हाला विचाराल, तर पोरीची तक्रार ऐकायला महासंघाबाहेरचे माणूस हवे. हे आधी. मग तालमीत मॅट हवी. आपली पोरे तांबड्या मातीत घुमतात, ऑलिंपिकची कुस्ती मॅटवर होते. तिथे चीतपट झाली नाही तरी गुणांवर निकाल लागतो, घड्याळ पुढे पळत असते. मॅट महाग, हे खरे. एका तालमीला ती पेलत नाही. तालुक्याला एक तरी पेलेल.