आतड्यातील जीवाणू आणि हृदयाचे आरोग्य
(वार्षिक सभेतील भाषण)



दरवर्षी या सभेत आम्ही जमाखर्च सादर करतो. वाणिज्य शाखेत शिकलेल्यास तेच शोभते. परंतु यंदा एका निराळ्या खात्याविषयी बोलण्याची अनुज्ञा असावी. हे खाते प्रत्येकाच्या आतड्यात उघडलेले आहे. डॉक्टरांनी ते आम्हांस जसे समजावले, तसेच आपणांपुढे ठेवीत आहोत.

मोठ्या आतड्यात अब्जावधी जीवाणूंचा वास असतो. धान्यातील व भाज्यांतील तंतुमय भाग आपल्याला पचत नाही. तो त्यांचे अन्न होतो. त्यापासून ते काही मेदाम्ले निर्माण करतात. ही मेदाम्ले रक्तात मिसळून रक्तदाब आवरण्यास हातभार लावतात, असे संशोधन सुचविते. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात उच्च रक्तदाबाच्या व्यक्तींच्या आतड्यातील जीवाणू जंतुरहित उंदरांना देण्यात आले, तेव्हा त्या उंदरांचा रक्तदाब वाढला. त्याच वर्षीच्या दुसऱ्या प्रयोगात अधिक मिठाने उंदरांच्या आतड्यातील लॅक्टोबॅसिलस हे उपकारक जीवाणू घटले व रक्तदाब चढला.

या दृष्टीने आपला जिल्हा भाग्यवान आहे. मंगळवेढ्याच्या ज्वारीस २०१६ साली भौगोलिक मानांकन लाभले. १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम तंतू असतात; पांढऱ्या तांदळात ३ ग्रॅमही नसतात. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी दिवसाला किमान २५ ग्रॅम तंतू आणि ५ ग्रॅमहून कमी मीठ सांगते. भाकरी ही जमा. लोणचे, पापड व खारट चटणी हा खर्च.

मात्र या ज्ञानाचा विपर्यास होऊ नये. एक यंत्रमाग कामगार रक्तदाबाची गोळी बंद करून बसले आणि पक्षाघाताने आमच्याकडे दाखल झाले. त्यांच्या पत्नीने विचारले, "साहेब, भाकरी तर रोजच खात होते, मग असं कसं झालं?" अधिक विचारता कळले, की महिनाअखेरीस गोळ्यांना पैसे उरत नसत. पूर्वी ते याच रुग्णालयातून बरे होऊन घरी गेले होते. आमच्या दप्तरी त्यांचे बिल चुकते झाल्याची नोंद होती; पुढील महिन्याच्या गोळ्या आहेत काय, हे कोणी विचारले नव्हते. ते न्यून आमचे आहे.

भाकरी ही गोळीची सोबतीण आहे, तिची जागा घेणारी नव्हे. म्हणून यापुढे घरी जाणाऱ्या प्रत्येक रक्तदाबाच्या रुग्णास आम्ही गोळ्यांविषयी विचारणार आहोत, आणि ज्यांना त्या परवडत नाहीत त्यांच्यासाठी औषध निधी उभारणार आहोत. आप्तजनांनी डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून गोळी थांबू देऊ नये. मधुमेहाच्या व मूत्रपिंडाच्या रुग्णांचा आहारही विचारूनच बदलावा. देणगीदारांनी या निधीस यथाशक्ती साहाय्य करावे, ही नम्र विनंती.