सहलीस निघालेले गुरुजी

वर्षअखेरची सहल ही शालेय जीवनांतील एक गोड प्रथा आहे. परीक्षा आटोपलेल्या असतात, पुस्तकें बाजूला पडलेलीं असतात, आणि शिदोरी बांधून गुरुशिष्य एखाद्या गडावर किंवा नदीकाठीं दिवस घालवून येतात. अशा सहलींत विद्यार्थ्यांना काय मिळतें, याची चर्चा पुष्कळ होते. शिक्षकाला तींत काय मिळतें, हा प्रश्न मात्र क्वचितच कोणी विचारतो. जपानांतील एका शिक्षकाच्या चरित्रांत या प्रश्नाचें विलक्षण उत्तर सांपडतें. त्यांनीं विद्यार्थ्यांबरोबर काढलेल्या सहली आणि पुढें त्यांनीं सोडलेली नोकरी, यांमध्यें एक आंतरिक नातें दिसून येतें.

या शिक्षकांचें नांव मियाझावा केन्जी. जपानच्या ईशान्य भागांतील हनामाकी या गांवीं २७ ऑगस्ट १८९६ रोजीं त्यांचा जन्म झाला. घरचा धंदा गहाणवटीचा व जुन्या कपड्यांचा. दुष्काळाच्या सालीं शेतकरी आपलें किडूकमिडूक घेऊन याच घराच्या उंबरठ्याशीं येत. त्या दृश्यानें मुलाचें मन लहानपणापासून बेचैन झालें होतें. मोरिओका येथील उच्च कृषिविद्यालयांत शिक्षण घेऊन डिसेंबर १९२१ मध्यें ते गांवच्या छोट्याशा कृषिशाळेंत शिक्षक झाले. अभ्यासक्रम अवघा दोन वर्षांचा. गांवचे लोक शाळेला थट्टेनें ‘तुतीचें विद्यापीठ’ म्हणत. तेथें केन्जी बीजगणित, रसायन, मृदाशास्त्र, खतें असे नाना विषय शिकवूं लागले. पण त्यांचा खरा वर्ग भरे तो चार भिंतींच्या बाहेर.

गांवाजवळून किताकामी नदी वाहते. पाणी ओसरलें कीं तिच्या पश्चिम तीरावर फिकट निळसर रंगाचा मऊ खडक उघडा पडे. इंग्लंडच्या किनाऱ्यावरील शुभ्र कड्यांची आठवण होऊन केन्जींनीं त्या जागेला ‘इंग्लंडचा किनारा’ असें नांव दिलें. समुद्र तेथून कोठल्या कोठें दूर! परंतु प्राचीन युगांत येथें समुद्रतीर होतें, असें ते मुलांना सांगत. त्यामुळें मुलांनाहि तें नांव गैर वाटलें नाहीं. उन्हाळ्यांत शेतावरच्या प्रात्यक्षिकांतून सवड मिळाली कीं सारी मंडळी तेथें पोहावयास जाई. खडकांत अश्मीभूत झालेले अक्रोड सांपडले, प्राचीन जनावरांच्या खुरांचे ठसे सांपडले. एक ठसा मुलांनीं शाळेच्या संग्रहासाठीं कोरून काढला. धड्यांतलें भूस्तरशास्त्र असें मुलांच्या हातीं लागलें.

याच नदीकाठीं गुरुजींनाहि एक धडा मिळाला. १९२३ मध्यें लिहिलेल्या एका लेखांत त्यांनीं तो मोकळेपणानें नमूद केला आहे. पोहणाऱ्यांच्या रक्षणासाठीं गांवानें एक माणूस नेमला होता. कृषिशाळेचीं मुलें पाण्यांत उतरलीं कीं हा माणूस कांहींतरी कामाचें निमित्त करून जवळपास वावरत असे. आपण पहारा करीत आहों, असें तो कोणाला भासवीत नसे. गुरुजींना हें उमगलें तेव्हां ते अंतर्मुख झाले. एखादा विद्यार्थी बुडूं लागला तर त्याला वांचविण्याचें सामर्थ्य आपल्यांत नाहीं, हें ते जाणून होते. अशा वेळीं पाण्यांत उडी घ्यावयाची आणि मृत्यूच्या पैलतीरापर्यंत त्याला सोबत करावयाची, एवढाच त्यांचा तोंपर्यंतचा संकल्प होता! शिष्यावर याहून अधिक प्रेम तें काय असावें? तथापि त्या प्रेमापेक्षां काठावरच्या त्या अबोल माणसाची तयारी बुडणाऱ्याच्या अधिक उपयोगाची होती.

मे १९२४ मध्यें केन्जी विद्यार्थ्यांना घेऊन उत्तरेच्या होक्काइदो बेटावर गेले. ओतारू, साप्पोरो हीं शहरें, तेथील विद्यापीठ व कारखाने त्यांनीं मुलांना दाखविले. परत आल्यावर शाळेला सादर केलेल्या अहवालांत एका चुन्याच्या कारखान्याचा उल्लेख आहे. तो पाहतांना आपल्या प्रांताची निकस जमीन त्यांच्या डोळ्यांपुढें उभी राहिली. आपल्याकडील डोंगरांतला चुनखडीचा दगड फोडून ती पूड या आम्लधर्मी जमिनींत केव्हां घालतां येईल, असा ध्यास त्यांनीं तेथें व्यक्त केला आहे.

याच सुमारास त्यांच्या मनांतील द्वंद्व तीव्र होत होतें. शिकून गांवीं जा, शेती करा, असें ते मुलांना कळकळीनें सांगत. आणि सांगणारा मात्र महिन्याच्या महिन्याला पगार घेत होता. एप्रिल १९२५ मध्यें एका माजी विद्यार्थ्याला त्यांनीं पत्रानें कळविलें कीं, पुढल्या वसंत ऋतूंत आपण नोकरी सोडून खरेखुरे शेतकरी होणार. त्या शेवटल्या शैक्षणिक वर्षांतहि नदीकाठचा वर्ग बंद पडला नाहीं. नोव्हेंबरमध्यें तोहोकु विद्यापीठांतील भूशास्त्रज्ञ हायासाका इचिरो तेथें आले, तेव्हां वाट दाखवावयास केन्जीच बरोबर होते. त्या अक्रोडांवरील हायासाकांचा निबंध दुसऱ्या वर्षीं प्रसिद्ध झाला. जपानांत शाळेचें वर्ष मार्चमध्यें संपतें. मार्च १९२६ च्या अखेरीस केन्जींनीं शाळेचा निरोप घेतला.

पुढील आयुष्य सुखाचें नव्हतें. गांवाबाहेरच्या घरांत एकटे राहून ते जमीन कसूं लागले, तरुण शेतकऱ्यांचें मंडळ काढलें आणि शेतकऱ्यांना खतांचे शेंकडों तक्ते विनामूल्य करून दिले. १९२८ मध्यें प्रकृति ढासळली. तरी १९३१ मध्यें चुनखडी दळणाऱ्या एका कारखान्याचें काम त्यांनीं पत्करलें आणि नमुन्यांची जड पेटी घेऊन ते गांवोगांव हिंडले. सहलींत मनांत आलेला विचार सात वर्षांनीं असा हातीं घेतला गेला. त्याच सालच्या सप्टेंबरांत तोकियोस गेले असतां त्यांनीं अंथरूण धरलें. २० सप्टेंबर १९३३ च्या सायंकाळीं एक शेतकरी खताविषयीं विचारावयास आला. केन्जी उठले, नीट वस्त्रें नेसून त्याच्यासमोर बसले आणि त्याचें सारें ऐकून घेतलें. दुसऱ्या दिवशीं त्यांचें देहावसान झालें. वय अवघें सदतीस.

नदीच्या वरच्या अंगास झालेल्या धरणांमुळें तो निळसर खडक आतां बहुधा पाण्याखालींच असतो. २१ सप्टेंबरला, त्यांच्या स्मृतिदिनीं, धरणांतील विसर्ग कमी करून तो उघडा करण्याचा प्रयत्न दरवर्षीं होतो.

प्रत्येक शिक्षकानें नोकरी सोडून नांगर धरावा, असा या चरित्राचा बोध नव्हे. परंतु शाळेंत शिक्षक बोलतो आणि मुलें ऐकतात. सहलींत दोघेहि एकाच वाटेनें चालतात, एकाच पाण्यांत उतरतात. आपल्या शब्दांमागें आपण स्वतः किती उभे आहों, हें शिक्षकाला तेथें कळून येतें. वर्षअखेरीस मुलांना घेऊन निघणाऱ्या गुरुजींनीं आपल्या शिदोरींत एवढा एक प्रश्न बांधून घेतला, तर ती सहल त्यांचीहि झाली असें म्हणतां येईल.