बटणच तर दाबायचंय!

शिंदखेड्यात लग्नसराई आली की फोटोग्राफरला हमखास ऐकू येतं, "भाऊ, बटणच तर दाबायचंय, पाच हजारांत करून टाका!" आधी हिशेब मांडा. समजा घरखर्च, कॅमेऱ्याचा हप्ता मिळून महिन्याला 24,000 लागतात आणि काम मिळतं 12 दिवस. म्हणजे दिवसाचे 2,000. हळद-लग्नाचे 2 दिवस, अल्बमचे 3, झाले 10,000. छपाई, मदतनीस वेगळेच. गिऱ्हाईक अडून बसलं, तर दर नव्हे, काम कमी करा: हळद वगळा, अल्बमची पानं घटवा. इसार मात्र आधीच घ्या. मांडव उठला की पैसे मागणं अवघड. आणि हो, 1957च्या कॉपीराइट कायद्यानुसार, वेगळा करार नसेल तर पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोंचा हक्क गिऱ्हाइकाचा. ते जाहिरातीत वापरायचे असतील, तर इसाराच्या पावतीवरच तसं लिहून सही घ्या.