गाडी आणि पाणी
(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यानाचं शब्दांकन)

मे महिन्याच्या उकाड्यात एका गॅरेजवाल्याचं ऐकायला आलेल्या मंडळींनो,

संयोजकांनी मला विषय दिला होता 'मोटारीची निगा'. मी म्हटलं, एवढ्या विषयासाठी सप्ताहच लावावा लागेल. म्हणून मी एकच धागा धरणार आहे, पाण्याचा. पस्तीस वर्षं सांगलीत गॅरेज चालवलं. दारात आलेल्या पुष्कळ दुखण्यांच्या मुळाशी पाणी निघालं. कुठे नको तिथे शिरलेलं, कुठे हवं तिथून आटलेलं.

पुरापासून सुरुवात करू. आयर्विन पुलापाशी 40 फुटांना इशारा आणि 45 ला धोका, हे आपल्याकडे शाळेतल्या पोरालाही पाठ असतं. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं. ओसरल्यावर एक निवृत्त गुरुजी माझ्याकडे आले. गाडी बॉनेटच्या वरपर्यंत बुडालेली. त्यांनी चिखल धुतला, सीटा उन्हात टाकल्या आणि 'बघू तरी चालू होते का' म्हणून शेजाऱ्याच्या बॅटरीवरून जंप देऊन चावी फिरवली. एकदाच 'ठक्' झालं. त्या एका आवाजात इंजिन गेलं. ते पुरानं नेलं नव्हतं, चावीनं नेलं.

का, ते सांगतो. सायकलचा पंप आठवा. पुढचं भोक बोटानं दाबून दांडा रेटला, तर आतली हवा दबते. आता त्याच पंपात पाणी भरा आणि रेटून बघा. दांडा जागचा हलणार नाही, कारण पाणी दबत नाही. पेट्रोल इंजिन आतल्या हवेला साधारण दहाव्या हिश्शापर्यंत दाबतं, डिझेल सोळाव्या हिश्शापर्यंत किंवा त्याहून जास्त. सिलिंडरमध्ये वाटीभर पाणी असेल, तर पिस्टन वर जाऊच शकत नाही. स्टार्टर मात्र ढकलत राहतो. मग मधला कनेक्टिंग रॉड वाकतो, कधी ब्लॉक फोडून बाहेर येतो.

म्हणून बुडालेली गाडी चालू करायचीच नाही. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायची, फोटो काढायचे, इन्शुरन्सवाल्यांना कळवायचं आणि गाडी उचलून न्यायची. ऑटोमॅटिक असेल तर दोर बांधून ओढूही नका, सपाट गाडीवर चढवा. गॅरेजमध्ये प्लग किंवा इंजेक्टर काढून आतलं पाणी बाहेर काढतात आणि ऑइल बघतात. डिपस्टिकवर ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं, तर पाणी खालपर्यंत पोचलंय. ते सगळं बदलून मग चावी. तोवर नाही.

आणखी एक. फक्त थर्ड पार्टी विमा असेल, तर पुरातला एक रुपयाही मिळत नाही. फुल इन्शुरन्समध्ये बुडालेल्या गाडीचं नुकसान बसतं, पण चावी फिरवून मोडलेलं इंजिन बहुतेक वेळा बाजूला काढलं जातं. त्यासाठी इंजिन प्रोटेक्ट नावाचं जादा कव्हर असतं. नदीकाठी राहणाऱ्यानं ते घ्यावं आणि त्यातल्या अटीही वाचाव्यात. घ्यायचं ते आत्ता, जुलैत छपरावर बसून नव्हे.

रस्त्यावर पाणी साचलेलं असताना 'जाईल की' असं वाटतं. इंजिन हवा कुठून ओढतं, हे एकदा आपापल्या गाडीचं बॉनेट उघडून बघा. बऱ्याच गाड्यांत ते तोंड जाळीच्या मागे, हेडलाइटच्या आसपास असतं. पाणी चाकाच्या निम्म्यावर असेल तर थांबा. जाणंच भाग असेल तर पहिल्या गिअरमध्ये, एका चालीनं, मधे गिअर न बदलता. समोरून एसटी येत असेल तर तिला आधी जाऊ द्या, तिची लाट तुमच्या बॉनेटवर चढते. बाहेर पडल्यावर दोनचारदा हलका ब्रेक मारून लायनर सुकवा.

आता प्रश्न असा, की पुरात बुडालेल्या त्या सगळ्या गाड्या गेल्या कुठे? भंगारात थोड्या. बाकीच्या धुऊन, पॉलिश करून दूरच्या गावच्या बाजारात उभ्या राहतात. इकडे 2019 ला झालं, चिपळूणला 2021 च्या जुलैत झालं. जुनी गाडी घेताना लोक रंग बघतात, टेप वाजवून बघतात, किलोमीटरचा आकडा बघतात. मी आधी वास घेतो. दारं-काचा बंद करून पाच मिनिटं आत बसायचं. ओल्या गोणपाटाचा वास येतो का? आणि अत्तराचा भपका येत असेल, तर कशावर मारलंय ते अत्तर?

मग सीट बेल्ट. तो शेवटपर्यंत ओढा. रोज वापरात येतो तेवढा भाग धुतलेला असतो, गुंडाळलेल्या शेवटच्या हातभर पट्ट्यावर पुराची रेघ सापडते. मी ही युक्ती कुणाकडून शिकलो नाही, एकदा फसलो आणि शिकलो. सीटच्या खालचे रूळ आणि त्यांचे स्क्रू बघा. डिक्कीतली स्टेपनी काढून तिच्या खड्ड्यात बोट फिरवा, गाळ बोटाला लागतो. डॅशबोर्डखाली हात घालून एखादा कनेक्टर सोडवून बघा. कल्हई गेलेल्या भांड्यात आमटी कशी कळकते, तसं पाणी लागलेलं तांबं हिरवं पडतं. अशी गाडी घेतली तर पहिलं वर्ष बरं जातं. दुसऱ्या वर्षी काच आपोआप खाली जाते, हॉर्न मध्यरात्री वाजतो, आणि मेकॅनिक बदलत तुम्ही फिरता.

कागदातही पाणी दिसतं. विम्याच्या जुन्या पॉलिसी मागा. क्लेम न घेणाऱ्याला दर वर्षी सूट मिळते, 20 टक्क्यांपासून वाढत 50 पर्यंत. 2019 पर्यंत वाढत आलेली सूट पुढच्या वर्षी शून्यावर आली असेल, तर त्या वर्षी काय झालं, एवढाच प्रश्न विचारा आणि समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघा. जाता जाता, ही सूट गाडीची नसते, माणसाची असते. विकणाऱ्याची पन्नास टक्के सूट तुम्हाला मिळणार नाही, कुणी तसं सांगत असेल तर सौद्याचा भाव पुन्हा बोला.

कागदांचा विषय निघालाच आहे, तर पाण्याचा धागा क्षणभर सोडून, इथे गाडी विकायला निघालेले कुणी असतील त्यांच्यासाठी. फॉर्म 29 आणि 30 वर सह्या करून, पैसे मोजून लोक घरी जातात. आरसीवर नाव तसंच राहतं. घेणारा तिसऱ्याला विकतो, तिसरा चौथ्याला. सर्वोच्च न्यायालयानं 2018 साली नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सांगितलं, की आरटीओच्या दप्तरी ज्याचं नाव, तोच मालक. त्या गाडीचे हात बदलत गेले होते, अपघात झाला, आणि भरपाई आली ती दप्तरी नाव असलेल्या पहिल्या मालकावर. राज्यातल्या राज्यात विकलीत तर 14 दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. एजंटाच्या भरवशावर सोडू नका. बँकेचा बोजाही आरसीवरून उतरवून घ्या, कर्ज फिटलं म्हणजे तो आपोआप उतरत नाही.

पाणी जिथे हवं, तिथलं थोडं. रेडिएटर. फियाटच्या जमान्यात डिक्कीत पाण्याचा कॅन असायचा. खंबाटकी चढताना गाडी वाफ सोडायची, मग दगड लावून, झाकणावर ओलं फडकं टाकून ते उघडायचं. ती सवय अजून गेली नाही. आजही बोअरचं पाणी ओतणारे आहेत. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यानं गीझरच्या कॉइलवर कसा पांढरा थर चढतो, ते घरोघरी ठाऊक आहे. रेडिएटरच्या नळ्या त्याहून बारीक. त्यात कूलंट घाला, कंपनी सांगते तो, सांगते त्या प्रमाणात, डिस्टिल्ड वॉटरमध्ये. आणि तापलेलं झाकण उघडू नका. ते कुकरचंच तत्त्व आहे, दाबाखाली पाणी शंभराच्या पुढे गेलेलं असतं, झाकण सैल केलं की अंगावर येतं. माझ्या धंद्यातले काही जुने लोक 'आपल्याकडे उष्णताच आहे' म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकतात. मला हे अजिबात मान्य नाही. इंजिन नीट तापलं नाही तर पेट्रोल जास्त पितं आणि लवकर झिजतं.

आता कुणाच्या लक्षात न येणारं पाणी, ब्रेक ऑइलमधलं. पावसाळ्यात उघड्यावर ठेवलेली गुळाची ढेप पाझरते, कारण गूळ हवेतलं पाणी ओढतो. ब्रेक ऑइल तसंच. नवं डॉट 3 ऑइल 205 अंशांच्या खाली उकळत नाही. पाणी पिऊन मुरलं की ही हद्द 140 पर्यंत खाली येते. आंबा घाट उतरताना सारखा ब्रेकवर पाय ठेवला की चाकाजवळची उष्णता तिथवर सहज जाते. ऑइलची वाफ होते, वाफ दबते, पेडल स्पंजासारखं खाली जातं आणि गाडी थांबत नाही. ब्रेक फेल झाला म्हणतात त्यातला हा एक प्रकार, आणि गंमत म्हणजे तासाभरानं गॅरेजमध्ये सगळं ठीक सापडतं. दर दोन वर्षांनी हे ऑइल बदला. आणि घाट ज्या गिअरमध्ये चढता, त्याच गिअरमध्ये उतरा.

पेट्रोलमध्ये आता 20 टक्के इथेनॉल असतं, त्यातलं काही आपल्याच उसाचं. इथेनॉललाही पाण्याची ओढ आहे. पाणी जास्त झालं की दोघं मिळून टाकीच्या तळाशी बसतात. वर्षातून चारदा चालणाऱ्या गाडीची टाकी पावसाळ्यात रिकामी ठेवू नका, रिकाम्या जागेत दमट हवा शिरते. डिझेलवाल्यांनी फिल्टरखालच्या नळीतून साचलेलं पाणी सोडत राहावं.

टायरचं एकच सांगतो. खाचा 1.6 मिलिमीटरवर आल्या की टायर बदलायचा, हे कायद्याचं माप. पावसात मी तेवढी वाट बघत नाही. खाचांचं काम पाणी बाजूला काढणं, त्या संपल्या की टायर पाण्यावर तरंगतो.

वेळ झाली. बाहेर गुलमोहराखाली आपल्या बऱ्याच गाड्या लागल्यात. काचेच्या खाली, वायपरच्या मुळाशी जी जाळी असते, तिच्यात पाकळ्या आणि पानं जाऊन बसली असतील. तिथली पाण्याची वाट तुंबली की पहिल्याच वळवाला पाणी आत पायाशी उतरतं, आणि लोक एसी गळतोय म्हणून माझ्याकडे येतात. चहा व्हायला दहा मिनिटं आहेत. चला, दोनचार बॉनेट उघडून बघू.