दातांच्या नावावर किती ढकलणार?

(वसंत व्याख्यानमालेत एका बालरोगतज्ज्ञांनी दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



पत्रिकेत विषय छापलाय, ‘बाळाचे टीदर : निवड आणि वापर’. काल याच व्यासपीठावर ज्ञानेश्वरी झाली, उद्या जागतिक अर्थकारण आहे आणि मधल्या संध्याकाळी मी बाळांनी चघळायच्या रबरी कड्या घेऊन उभा आहे. (हशा) संयोजक म्हणाले, ‘डॉक्टर, काहीतरी उपयोगी सांगा.’ म्हणजे कालचं आणि उद्याचं काय, ते मी विचारलं नाही. (हशा)

दात कधी येतात, आधी कुठले येतात, हे पहिल्या रांगेतल्या आज्यांना माझ्याहून जास्त ठाऊक आहे. ते सोडून देतो. थेट वस्तूकडे येतो.

टीदर घ्यायचा तो एकसंध. सांधे, डोळे, मणी, चिकटवलेली फुलं काही नको. आत पाणी किंवा जेल भरलेला नको. तो फुटला की आतलं सगळं बाळाच्या तोंडात. धरायला सोपा हवा, पण घशात शिरेल असा दांडा नको. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांचे सुटे भाग तपासायला प्रयोगशाळेत 31.7 मिलिमीटर रुंदीचं नळकांडं वापरतात. त्यात मावेल ती वस्तू धोक्याची. घरी जुन्या कॅमेऱ्याच्या रोलची डबी असेल तर ती साधारण तेवढीच असते. तरुण मंडळी एकमेकांकडे बघताहेत. रोल म्हणजे काय ते आजोबांना विचारा. (हशा) आपल्याकडे 1 जानेवारी 2021 पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. ते बघा. रस्त्यावरची रंगीत, वास मारणारी वस्तू कितीही गोड दिसली तरी तोंडात घालायला घेऊ नका.

थंड करायचा तर फ्रीजमध्ये, फ्रीझरमध्ये नाही. दगडासारखा गोठलेला टीदर हिरडीला इजा करतो. उकळायचा की नुसता धुवायचा, ते वेष्टनावर वाचा. आणि खरं सांगू? ओल्या स्वच्छ फडक्याची घडी किंवा धुतलेलं बोट यांच्यापुढे दुकानातलं काही फार वरचढ नाही. दुकानदार असतील तर क्षमस्व.

गळ्यात मात्र काही बांधू नका. परदेशात दात येतानाच्या त्रासावर अंबरच्या, म्हणजे अश्मीभूत राळेच्या, मण्यांच्या माळांची टूम आली. झोपेत तीच माळ आवळून अठरा महिन्यांचं एक बाळ गेलं आणि डिसेंबर 2018 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाला अशा माळांविरुद्ध इशारा द्यावा लागला. आपण हसायला नको. आपल्याकडे काळा दोरा आहे, ताईत आहे. मनगट्यांचे मणी आहेत, बाळ दिवसभर तेच चघळत असतं. मामानं दिलेल्या चांदीच्या खुळखुळ्याला घुंगरू असतात. आणि चघळायला दिलेली खारीक! तिचा तुकडा निघाला की सरळ घशात.

आता ज्यासाठी मी खरा आलो ते बोलतो. टीदरनं होणारे अपघात टाळता येतात. पण ‘दात येताहेत’ या दोन शब्दांनी जे होतं, ते मी आयुष्यभर बघत आलोय. आठ-नऊ महिन्यांचं बाळ येतं, डोळे खोल गेलेले, जीभ कोरडी. ‘कधीपासून जुलाब?’ ‘तीन दिवस झाले, पण दातांचे आहेत ना, म्हणून थांबलो.’ श्रोतेहो, दात हिरडीतून येतो, आतड्यातून नाही.

मग जुलाब त्याच वेळी का? आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती याच सुमारास ओसरते, वरचं अन्न सुरू होतं, बाळ सरकायला लागतं आणि हाताला लागेल ते तोंडात घालतं. म्हणूनच ती टीदरची स्वच्छता! 2000 साली अमेरिकेत क्लीव्हलंडच्या डॉक्टरांनी सव्वाशे बाळांच्या पालकांना रोज नोंदी ठेवायला लावल्या. चिडचिड, लाळ, चावणं, थोडीशी कणकण, अशा किरकोळ गोष्टी दातांशी जुळल्या. जुलाब, उलट्या, मोठा ताप जुळले नाहीत.

हे खापर फार जुनं आहे. 1839 साली इंग्लंड-वेल्समध्ये पाच हजारांवर मृत्यूंचं कारण सरकारदरबारी ‘दात येणे’ असं लिहिलं गेलं. उपाय काय, तर हिरडी चिरणं. नंतर पावडरी निघाल्या, त्यात कॅलोमेल, म्हणजे पाऱ्याचं संयुग. त्यातून एक विचित्र आजार दिसू लागला. हातपाय गुलाबी, सोलवटलेले, बाळाला उजेड सोसेना, रडणं थांबेना. आणि कहर म्हणजे काहींचे आलेले दात गळून पडत! सिनसिनाटीच्या डॉ. जोसेफ वॉर्कनी यांना अशा मुलांच्या लघवीत पारा सापडला. 1954 मध्ये ब्रिटनमधल्या उत्पादकांनी पावडरींतला पारा काढला आणि तो ‘पिंक डिसीज’ पुढे दिसेनासाच झाला. त्याच्याही आधी अमेरिकेत मिसेस विन्स्लो या नावानं एक सिरप खपत होतं, त्यात मॉर्फिन! बाळ शांत होणारच…

चिठ्ठी आली. ‘पाच मिनिटे’ लिहिलंय, पण अध्यक्षांचा चेहरा तीन म्हणतोय. (हशा)

तिसऱ्या रांगेतले एक गृहस्थ मघापासून मान हलवताहेत. मी आपल्या परंपरेवर घसरलेलो नाही. पारा आणि मॉर्फिन साहेबाचंच होतं. पण मधातून टंकणखार हिरड्यांना चोळतात, त्यावर गप्प बसणार नाही. 1983 साली एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात सात बाळांची हकीकत छापून आली. मध-टंकणखार लावलेली चोखणी, आणि त्यापायी झटके. शिवाय वर्षाच्या आत मध मुळीच नको, त्यातून बॉट्युलिझम ही गंभीर विषबाधा होऊ शकते. दुकानातली बधिर करणारी बेंझोकेनची जेलही दोन वर्षांखाली नको. त्यानं रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद घटू शकते. आजी, रागावू नका. तुमचा हात बाळाच्या पाठीवर हवाच, फक्त बोटावर काही लावू नका.

वेळ संपलीय, म्हणून एवढंच लक्षात ठेवा. ताप 38 अंश सेल्सियस, म्हणजे 100.4 फॅरनहाइट किंवा वर असेल, तर तो दातांचा समजू नका. बाळ तीन महिन्यांच्या आतलं असेल तर तितक्या तापाला त्याच दिवशी डॉक्टर. जुलाब सुरू झाले की ओआरएस आणि अंगावरचं दूध चालू, झिंक डॉक्टर सांगतील तसं चौदा दिवस. बाळ मलूल असेल, पीत नसेल, लघवी कमी झाली असेल, तर रात्र काढू नका. टीदर पारखून घ्या, धुऊन द्या आणि बाळाजवळ बसा. पण ‘दात येताहेत’ हे निदान घरातल्या घरात करून मोकळे होऊ नका, एवढी माझी हात जोडून विनंती आहे.